प्रति: मग दत्तकच घ्या की सरळ!
'फॉस्टर केअर (दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणं) म्हणजे चोरवाटेनं दत्तक' हे वर कुणीतरी लिहिलंय ते काय पटलं नाही बघा. मूल बालकल्याण समितीच्या आदेशानं मुदतीपुरतं येतं, आणि केंद्राच्या २०२४ च्या फॉस्टर केअरच्या सूचनांनुसार दत्तकाचा विचारच मुळी २ वर्षांनी (आधी ५ होती). केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिना ४००० मिळतात, ते थेरपीच्या रिक्षातच संपतात म्हणा.

आमच्या शेजारच्या काकूंकडे असाच फॉस्टर केअरमधला ऑटिझमचा पोरगा होता, घराखाली यंत्रमाग, खडखडाट सुरू झाला की हा कान दाबून पलंगाखाली. काकू रोज माग बंद असताना त्याला खाली नेऊन धोट्याला (मागावर दोरा इकडून तिकडे नेतो तो) हात लावू द्यायच्या, मग एकच माग चालू, दोन मिनिटं, बस. चार महिन्यांनी बटण दाबायला हाच पुढं. काकूंचं ट्रेनिंग म्हणाल तर एक दिवसाचं भाषण झालेलं फक्त.