मदत हवी आहे: माप नीट आलेलं नाही, हे डॉक्टरांना कसं सांगावं?

नमस्कार. मिरजेत माझी छोटी डेंटल लॅब आहे. कॅप, ब्रिज, कवळ्या, सगळी कामं करतो. मिरज-सांगलीतून केस आमचा मुलगा गाडीवर घेऊन येतो. तासगाव, विटा, जत इकडच्या केस एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या पार्सलने येतात. या ग्रुपवर बरेच दंतवैद्य आहेत, म्हणून थेट तुम्हालाच विचारतोय.

दातांचं माप, म्हणजे ठसा, ठेवलेला डबा उघडला की कॅप बसणार की नाही, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. मार्जिन, म्हणजे कॅपची कड दाताला जिथे टेकते ती रेघ, हिरडीखाली गेलेली असते आणि मापात नेमका तिथेच बुडबुडा असतो. कधी लेटेक्सचे हातमोजे घालून पुटी (मापाचा कणकेसारखा मसाला) मळलेली असते. हातमोज्यांतल्या गंधकामुळे ही पुटी, म्हणजे ॲडिशन सिलिकॉन, नीट सेट होत नाही, वरचा थर चिकट राहतो. जतकडचं अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या पावडरीचं) माप तर दोन-अडीच तास बसमधून येतं. त्यात खरं १०-१५ मिनिटांत मॉडेलचं प्लास्टर ओतायला हवं. माझ्याकडे पोचेपर्यंत त्याच्या कडा सुकून आखडलेल्या असतात आणि त्याच डब्यातला मेणाचा बाइट (वरचे-खालचे दात कसे मिटतात त्याचा ठसा) एप्रिल-मेच्या उन्हात वाकलेला असतो. असल्या मापातून निघालेलं मॉडेल त्या पेशंटच्या तोंडाशी जुळत नाही.

मग मी फोन करतो. रिसेप्शनवरच्या ताई सांगतात, सर पेशंटमध्ये आहेत. संध्याकाळी सरांचा फोन येतो, "तू बनव रे, मी ॲडजस्ट करून घेतो." मी डिप्लोमावाला, ते एमडीएस, वयानेही मोठे. माझा शब्द तिथेच संपतो. कॅप जाते, उंच लागते किंवा मार्जिनला फट राहते, आणि डबा ‘रिपीट’ लिहून परत येतो. धातू, सिरॅमिक, भट्टीचा वेळ, सगळं लॅबच्या अंगावर.

तेही सोसेन, पण पेशंटचं वाईट वाटतं. तो रोज बुडवून गावाहून आलेला असतो, परत इंजेक्शन, परत माप. आणि फट असलेली कॅप तशीच चिकटवली, तर काही वर्षांत आतून दात किडतो. त्या पेशंटला कारण कधीच कळत नाही.

दाढेवर जागा कमी सोडलेली असते तेव्हाही हेच. धातू-सिरॅमिकच्या कॅपला चावण्याच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर लागतात. मिळतो जेमतेम एक. अशा वेळी तिथे नुसता धातू ठेवा किंवा अख्खी झिर्कोनियाची (मजबूत पांढऱ्या सिरॅमिकची) करा, असं मला सुचवता येतं. पण न विचारता सुचवलेलं बऱ्याच जणांना रुचत नाही. एका दवाखान्याचं काम असंच न बोलता बंद झालं. का, ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

रेट पाडून मला काम टिकवायचं नाहीये. तुमच्यापैकी कोणाला लॅबचा असा फोन आला तर तो कसा आणि कधी आलेला चालेल? रिपीटचा खर्च कोणी सोसायचा, हे आधीच ठरवणारे कोणी आहेत का? आणि डॉक्टरांना भेटून समोरासमोर बोलायची वेळ मागितली तर ते आगाऊपणाचं वाटेल का?

---

प्रतिसाद (दंतवैद्य, सातारा जिल्हा)

दादा, आधी एक सांगतो. मला राग लॅबच्या फोनचा येत नाही. काही न कळवता आलेली कॅप बसत नाही आणि पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला असतो, तेव्हा येतो. ‘बनव, ॲडजस्ट करतो’ हे मीही म्हणतो. त्या वेळी माझ्यासमोर मॉडेल नसतं, बाहेर मात्र पेशंट खोळंबलेले असतात.

म्हणून फोनवर बोलण्याआधी फोटो पाठवा. डायचा, म्हणजे मॉडेलमधल्या त्या दाताच्या प्रतीचा, जवळून फोटो घ्या आणि मार्जिन जिथे हरवते तिथे लाल पेन्सिलने खूण करा. ‘माप खराब आहे’ असं लिहू नका. ‘बाहेरच्या बाजूला मार्जिन इथून इथपर्यंत दिसत नाही. नवं माप पाठवता, की अंदाजाने पुढे जाऊ?’ एवढंच लिहा. ‘अंदाजाने’ हा शब्द वाचल्यावर मी तरी थांबतो. आणि डबा आला त्याच दिवशी कळवा, म्हणजे पेशंटला परस्पर फोन करून तारीख बदलता येते.

जतच्या डॉक्टरांना म्हणा, अल्जिनेट दवाखान्यातच ओता आणि मॉडेल पाठवा. नाहीतर ॲडिशन सिलिकॉन वापरा, ते प्रवासात आकार सोडत नाही. कंडेन्सेशन सिलिकॉन या दुसऱ्या प्रकारावर मात्र विसंबू नका. त्यातलं अल्कोहोल उडतं तसं ते आकसत जातं.

---

प्रतिसाद (डेंटल टेक्निशियन, नाशिक)

भाऊ, वीस-बावीस वर्षांनी मोठ्या डॉक्टरांना बाईने हे सांगायचं, म्हणजे किती अवघड ते मला विचारा. मी रिपीटचा नियम पहिली केस घेण्याआधीच सांगते. मॉडेलवर बसते आणि तोंडात बसत नाही, तर चूक मापात किंवा बाइटमध्ये शोधायची आणि रिपीटचं अर्धं बिल लावायचं. मॉडेलवरच बसत नाही, तर माझी चूक, पैसे नाहीत. त्यासाठी कॅप चिकटवल्याचं कळेपर्यंत डाय आणि मॉडेल जपून ठेवते. वाद झालाच तर ते टेबलावर ठेवायचं, आवाज चढवायची गरज पडत नाही.

शेडचंही, म्हणजे दाताच्या रंगछटेचंही, तेवढंच महत्त्वाचं. नुसतं ‘ए-२’ लिहून आलं तर मी पुढच्या दातांचं काम सुरूच करत नाही. शेड कॅपसाठी दात कोरण्याआधी घेतलेली हवी. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि पांढरे दिसतात. शेडगाइडमधली (छटांच्या नमुना संचातली) त्या छटेची पट्टी दाताशेजारी धरून उजेडात काढलेला फोटो मागवा. तो द्यायला कोणी नाही म्हणत नाही.

पैशांचंही लिहून घ्या. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करारातही बिल चुकवायला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. पहिल्याच भेटीत कायदा काढू नका, पण बिलावर मुदत छापलेली असू द्या.

---

प्रतिसाद (प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दातांची तज्ज्ञ, डेंटल कॉलेजात शिकवते)

भेटायची वेळ जरूर मागा, त्यात आगाऊपणा काही नाही. बीडीएसच्या पहिल्या दोन वर्षांत मुलं स्वतः दात रचतात, मेणकाम करतात. पुढे दवाखाना थाटला की बाहेरच्या लॅबची पायरी चढत नाहीत, मग मापातल्या एका बुडबुड्याने तुमच्या टेबलावर काय होतं ते त्यांना दिसणार कसं? सरांना लॅबवर बोलवा. त्यांचीच चांगली आलेली एक केस आणि अडलेली एक, दोन्ही डाय भिंगाखाली दाखवा. चांगली आधी दाखवा.

पुढच्या चार-सहा दातांची केस असेल तर शेड बघायला तुम्ही त्यांच्या दवाखान्यात जा. माप घेणं डॉक्टरांचं काम, त्यात हात घालू नका. पण पेशंट हसताना ओठ किती वर जातो, बोलताना दात किती दिसतात, हे स्वतः पाहिलंत तर काम वेगळंच उतरतं आणि ते डॉक्टरांच्याही लक्षात येतं.

---

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. फोटोची पद्धत उद्यापासून सुरू करतो. जतच्या डॉक्टरांना मॉडेल पाठवण्याबद्दल आजच फोन केला, ते तयार आहेत. फक्त दवाखान्यात डाय स्टोन (मॉडेलचं कडक प्लास्टर) आणि पाण्याचं प्रमाण कसं ठेवायचं ते त्यांच्या असिस्टंटला शिकवायला ये म्हणाले. रविवारी जातोय.

नाशिकच्या ताई, अर्ध्या बिलाचा नियम नव्या डॉक्टरांना सांगता येईल. पण जे पहिल्या दिवसापासून काम देतायत, ज्यांच्या भरवशावर लॅब उभी राहिली, त्यांच्यासमोर हा विषय तुम्ही कसा काढलात?