शब्दचर्चा : फॉस्फेटचं उत्सर्जन की विसर्जन?

खानापूर : नर्सिंगच्या मुलींसाठी मराठीत टिपण लिहितेय. माझं वाक्य असं आहे : ‘डोपामाइनसंबंधी द्रव्यं मूत्रपिंडातून फॉस्फेट बाहेर ढकलतात.’ सोबतची कन्नड मैत्रीण म्हणते, आमच्यात सरळ ‘विसर्जने’. पण मराठीत विसर्जन म्हटलं की गणपतीच डोळ्यांसमोर येतो. काय लिहू?

टिळकवाडी : उत्सर्जन लिहा. मूत्रविसर्जन म्हणजे लघवीला जाणं, ती क्रिया निराळी. मला खटकतं ते ‘ढकलतात’. मूत्रपिंड आधी रक्त गाळतं, तेव्हा फॉस्फेटही गाळलेल्या पाण्यात उतरतं. त्यातलं सुमारे ८० ते ८५ टक्के परत रक्तात घेतलं जातं, तेही बहुतेक नेफ्रॉनच्या, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीच्या, सुरुवातीच्या नलिकेत. तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावर सोडियम आणि फॉस्फेट जोडीनं आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. डोपामाइन हे शरीरातलं संदेशवाहक द्रव्य त्या पेशींच्या डी-१ जातीच्या ग्राहींवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवर, काम करतं आणि ती प्रथिनं पृष्ठभागावरून कमी होतात. मग फॉस्फेट मागे घेतलं जात नाही, लघवीबरोबर निघून जातं. म्हणजे ढकलाढकली कुठंच नाही. जे घडतं त्याचं नाव ‘पुनःशोषण घटणं’.

निपाणी : आमच्याकडं फॉस्फरस म्हणजे स्फुरद. नत्र, स्फुरद, पालाश. मग ‘स्फुरदाचं उत्सर्जन’ का नको? डीएपी खताच्या पोत्यावर १८:४६ असतं, त्यातलं ४६ स्फुरदाचंच की वो!

टिळकवाडी : स्फुरद छान शब्द आहे, पण तो मूलद्रव्याचा. ते ४६ सुद्धा फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबातलं, निव्वळ स्फुरदाचं नाही. रक्तात फिरतं ते फॉस्फेट, तेच ठेवा. कन्नडात फॉस्फरसला ‘रंजक’ म्हणतात. आपल्याकडं ‘रंजक उत्सर्जन’ लिहिलं तर पोरी हसत सुटतील. तसं बघितलं तर स्फुरदाची मूत्रपिंडाशी ओळख जुनीच. १६६९ साली हेनिग ब्रँडनं ते लघवी आटवूनच मिळवलं होतं.

बेळगाव, औषधशास्त्र : ‘डोपामाइनसंबंधी’ फारच सैल आहे. त्यात निदान तीन जाती मिसळतात. लेव्होडोपा हे पूर्वद्रव्य, त्याचं डोपामाइन होतं. फेनोल्डोपामसारखी औषधं डोपामाइन न होता थेट ग्राहीवर बसतात. आणि काही ग्राही अडवतात, त्यांचा परिणाम नेमका उलटा. तिघांना एका शब्दात बांधून ‘फॉस्फेटचं उत्सर्जन वाढतं’ म्हणणं चूक. ग्लुडोपा मात्र मजेशीर आहे : लेव्होडोपाला ग्लुटामिक आम्ल जोडलेलं. ते तोडणारं विकर (एन्झाइम) मूत्रपिंडाच्या त्या नलिकेत भरपूर असतं, म्हणून त्याचं डोपामाइन मुख्यतः तिथंच तयार होतं. मूत्रपिंडातलं डोपामाइन मेंदूतून येत नाही, नलिकेच्या पेशी ते जागेवरच बनवतात. हे टिपणात ठळक लिहा. डोपामाइन म्हणजे फक्त मोबाइलचं व्यसन, असंच मुलींच्या डोक्यात बसलेलं असतं.

खानापूर : मग आमच्या रानातली खाजकुयली? तिच्या बियांत लेव्होडोपा असतो म्हणे.

बेळगाव, औषधशास्त्र : असतो, अक्का. पण तो धागा टिपणात ओढू नका, उद्या कुणी फॉस्फेट उतरवायला बिया कुटून खाईल. कंपवाताच्या गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असतं, ते मेंदूबाहेर डोपामाइन होऊ देत नाही, म्हणजे मूत्रपिंडातही नाही. औषध एकच, सोबतीला कोण आहे त्यावर परिणाम फिरतो. आणि ‘रीनल डोस’ हा शब्दही टाळा. कमी मात्रेतलं डोपामाइन मूत्रपिंड वाचवतं, या समजुतीतून तो रुजला. २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत अतिदक्षता विभागातल्या रुग्णांना तसा फायदा दिसला नाही.

निपाणी : पॅराथायरॉइड ग्रंथीचा हार्मोन पण हेच करतो ना?

टिळकवाडी : हो, आणि एफजीएफ-२३ हा हाडांतून येणारा हार्मोन सुद्धा. तिघांनाही ‘फॉस्फेटचं पुनःशोषण घटवणारे’ म्हणता येईल.

खानापूर : मग असं लिहिते : ‘डी-१ ग्राहींना चेतवणारी द्रव्यं, आणि मूत्रपिंडात ज्यांचं डोपामाइन होतं अशी पूर्वद्रव्यं, नलिकेतलं फॉस्फेटचं पुनःशोषण घटवतात. त्यामुळे लघवीतून त्याचं उत्सर्जन वाढतं.’

टिळकवाडी : चालेल. ‘पुनःशोषण’मधला विसर्ग तेवढा छापताना सांभाळा, पुष्कळदा गळतो.

निपाणी : आणि ‘चेतवणारी’च्या जागी ‘उद्दीपक’ नको. मुलींना तो रसायनशास्त्रातला वाटेल.