सांगली : जुना एसी बदलताना क्षमता आणि बसवणारा कसा ठरवावा?

प्रश्न : विश्रामबागेतील आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत आर-२२ या जुन्या प्रकारच्या थंडावा देणाऱ्या वायूवर चालणारा १ टनाचा जुना स्प्लिट एसी असून एप्रिलच्या दुपारी तो अजिबात पुरत नाही. दुकानदार थेट २ टनांचा सुचवतात. खोली १५० चौरस फुटांची आहे. आतले आणि बाहेरचे युनिट जोडणारी जुनी तांब्याची नळी ठेवावी का?

उत्तर १ : खोली न पाहता टन सांगणाऱ्यावर विसंबू नये. १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता; तापणारा स्लॅब आणि असल्यास पश्चिमेची खिडकी धरून १.५ टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेनुसार कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा) आपल्याला पुरेल, असे माझे मत आहे. गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा लवकर गार करते, पण दमटपणा तसाच राहतो.

उत्तर २ : नळी नवीनच घ्यावी, कारण आर-२२ सोबतचे जुने तेल आर-३२ या नव्या वायूच्या यंत्राला चालत नाही. आमच्याकडे बसवणाऱ्याने नळीतील हवा आणि ओलावा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप न लावता नुसता वायू सोडून नळीतील हवा बाहेर काढली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात थंडावा गेला. म्हणून गळती तपासण्यासाठी नायट्रोजनने दाबचाचणी, व्हॅक्यूम पंप आणि नळीचा प्रति फूट दर या तिन्ही गोष्टी कोटेशनमध्ये लेखी मागाव्यात.

उत्तर ३ : सांगलीतील कृष्णाकाठच्या गावभागातील वाचकांसाठी एवढेच, की २०१९ चा महापूर आठवून बाहेरचे युनिट तळमजल्यावर ठेवू नये.