नवीन कमांड नोंदवत नाही, म्हणून आटुइन (टर्मिनलमधल्या कमांडची हिस्टरी जपणारं टूल) काढूनच टाकायचं?

विश्रामबागकर: काल एका दादांनी इथं लिहिलं, "आटुइन टाकलं. जुन्या कमांड दिसतात, नवी एकही येत नाही. नुसती फॅशन. काढून टाका." वाचून राहवलं नाही. माझ्याकडे हुबेहूब हेच झालं होतं, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. जुन्या दिसतात कारण त्या इम्पोर्ट करताना एकदाच आत आल्या. नव्यांसाठी प्रत्येक कमांडच्या आधी आणि नंतर टूलला हाक जावी लागते, त्यालाच हुक म्हणतात. झेडशेल या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती सोय अंगचीच आहे, बॅश या शेलमध्ये नाही, म्हणून ती सोय देणारी बॅश-प्रीएक्झेक ही स्क्रिप्ट लागते. ते मी टाकलं होतं. पण बॅशआरसीच्या (बॅश उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) तळाशी माझीच जुनी ओळ होती, प्रॉम्प्ट कमांड या व्हेरिएबलमध्ये (त्यातलं दर प्रॉम्प्टच्या आधी चालतं) 'हिस्टरी वजा ए' भरणारी. प्रीएक्झेकनं त्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं तिनं पुसलं. प्रीएक्झेक आणि आटुइन त्या ओळीच्या खाली नेलं, नवं टर्मिनल उघडलं, नोंद सुरू. यात टूलचा काय दोष?

मिरज_जंक्शन: दोष आहेच. ओळ वरखाली झाली की मुकाट बंद पडतं, एररचं एक अक्षर नाही. त्यापेक्षा साधी हिस्टरी बरी. 500 कमांडची मर्यादा वाढवा, हिस्टअपेंड लावा म्हणजे जुनी फाइल पुसली न जाता पुढे भर पडते, विषय संपला.

कुपवाडचा_पोरगा: साधी हिस्टरी शेल बंद होताना फाइलमध्ये उतरते. आमच्याकडे लाइट गेली की डेस्कटॉप जागेवर बंद, दिवसभराचं काम गेलं. मागच्या महिन्यात हळदीच्या एका व्यापाऱ्याचा डेटाबेस सावरत होतो. जी कमांड शेवटी चालली तीच गेली. रात्री अकराला पहिल्यापासून सुरुवात.

मिरज_जंक्शन: मग यूपीएस घ्या. आणि वर म्हटलेली 'हिस्टरी वजा ए' लावली की साधी हिस्टरीही दर कमांडला फाइलमध्ये जाते.

जुनी_वही: चालली ती कमांड वहीत लिहायची. आम्ही तसंच शिकलो. हल्लीच्या पोरांना वरचा बाण दाबायचा एवढंच येतं, काय चालवलं ते विचारलं तर सांगता येत नाही.

गावभाग: काका, वहीचं मला सांगू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली तेव्हा माझ्या वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर उघडल्या तर पानं एकमेकांना चिकटलेली, शाई पसरलेली. सहा वर्षांचं काम होतं ते.

जुनी_वही: वाईट झालं. पण वही माळ्यावर ठेवायची होती.

गावभाग: रात्रीत पाणी चढलं. आईला बाहेर काढू की वह्या? ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही त्यानं हे शिकवू नये.

जुनी_वही: ते वाक्य मी मागे घेतो. लिहिल्यानं डोक्यात बसतं, हे मात्र घेणार नाही.

विश्रामबागकर: मूळ प्रश्नावर या. दादा, प्रॉम्प्ट कमांड व्हेरिएबल छापून बघा. त्यात 'बीपी' असलेलं नाव दिसलं नाही तर हुक बसलेलाच नाही.

कालचा_दादा: बघितलं. नाही दिसलं. माझ्याकडे प्रीएक्झेकच नव्हतं, नुसती आटुइनची ओळ होती. टाकलं, नवं टर्मिनल उघडलं, नोंद होतेय. "फॅशन" म्हणालो ते चुकलं. पण मिरजवाले बरोबर आहेत, हुक नसेल तर टूलनं तसं सांगायला पाहिजे.

मिरज_जंक्शन: मी पहिल्यापासून तेच म्हणतोय.