मागे पडणारे पास थांबतच नाहीयेत, डिफेन्सचं काय करावं?

चार_नंबर

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये स्टॉपर (गोलसमोरचा मधला बॅक) खेळतो, सेकंड इयर. कॉलेजचं नाव सांगत नाही, आधीच पुरेशी शोभा झालीये.

आम्ही ४-४-२ खेळतो, म्हणजे मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. गोल खातो ते जवळपास सगळे एकाच साच्यातले. समोरच्यांच्या सेंटर हाफला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) मध्यात बॉल मिळतो, तो निवांत मान वर करतो, आणि बॉल येतो माझ्या नि डाव्या स्टॉपरच्या मधून, नाहीतर उजव्या साइडबॅकच्या पाठीमागे. त्यांचा फॉरवर्ड निघालेला असतोच. मग आम्ही दोघं त्याच्या पाठीवरचा नंबर वाचत पळतो.

सीनियर म्हणतात ऑफसाइड ट्रॅप लावा, म्हणजे पास सुटायच्या आधी सगळ्या बॅकनी एकदम वर सरकायचं, की त्यांचा फॉरवर्ड आपल्यामागे पडून ऑफसाइड ठरतो. लावला, तर एक जण वर आणि एक जण खाली राहतो. स्पोर्ट्सचे सर म्हणतात, मागेच थांबा. मागे थांबलो तर समोरचे बॉक्सच्या तोंडाशी येऊन पास खेळत बसतात आणि लांबून मारतात. डावा स्टॉपर बॉल छान वाचतो, हेडिंग तर टीममधलं सगळ्यात चांगलं, पण पळण्यात मार खातो. कीपर गोललाइन सोडत नाही.

झोनल स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. सरावाला सकाळी अर्धंच ग्राउंड मिळतं, उरलेल्या अर्ध्यावर क्रिकेटवाले. नेमकं कुठून सुरुवात करू?

गोलपोस्टमागे

एक स्वीपर ठेव, दोघांच्या मागे दहा पावलांवर. जो बॉल मागे पडेल तो त्याचा. विषय संपला.

खडकीचा_साइडबॅक

विषय संपला म्हणणाऱ्यांनी एकदा ऑफसाइडचा नियम काढून वाचावा. स्वीपर दहा पावलं मागे उभा राहिला की समोरचा फॉरवर्ड त्याच्या शेजारी जाऊन उभा राहील आणि रेफरी काहीही म्हणणार नाही. तुमचे बाकीचे तिघं हात वर करून ओरडत राहतील. ही युक्ती १९२५ च्या आधी चालली असती. तेव्हा ऑफसाइड टाळायला फॉरवर्डच्या पुढे कीपर धरून तीन जण लागायचे, त्यामुळे एक बॅक वर जाऊन सापळा लावायचा आणि दुसरा मागे राखण करायचा. त्या साली तिनाचे दोन केले आणि ती चैन संपली. स्वीपर ठेवायचा तर खुशाल ठेवा, पण मग ऑफसाइडचं नाव काढू नका आणि मधली जागा समोरच्यांना दिली म्हणून रडूही नका.

चार नंबर, आता तुझ्याकडे. मी खडकीत वाढलो. आमच्याकडे लष्करातली पोरं ग्राउंडवर यायची, त्यांच्या दमाला आम्ही कुठे पुरणार! मी डावा साइडबॅक, उंचीने कमी आणि पळायला बरा. तरी सांगतो, तुझ्या गोष्टीत तू पळण्याचं दुखणं सांगतोयस आणि दुखणं तिथे नाहीच. तुझं वाक्य परत वाच: ‘तो निवांत मान वर करतो’. का करतो? त्या क्षणी त्याच्यासमोर तुमचं कोण होतं? गोल तिथे झालाय, तुमच्यापासून तीस यार्डांवर. शिव्या तुम्हाला पडतात, कारण शेवटच्या चित्रात तुम्ही दिसता.

चारही बॅकनी बघायचं ते एवढंच, की पास देणाऱ्यावर दबाव आहे की नाही. कुणीतरी त्याच्या अंगावर आहे, त्याची मान खाली आहे, किंवा त्याची पाठ तुमच्या गोलकडे आहे, तर तो लांब पास देऊ शकत नाही. चौघांनी वर यायचं. त्याने बॉल मागे आपल्या बॅकला दिला, तर बॉल घरंगळत असतानाच चार-पाच पावलं वर यायचं, तो पोचायची वाट बघायची नाही. आणि तो मोकळा आहे, मान वर आहे, बॉल पायापासून हातभर पुढे ढकललाय, म्हणजे आता मारणार. तेव्हा चौघांनी वळून मागे निघायचं. पास सुटल्यावर निघून उपयोग नाही, सुटायच्या आधी निघायचं. तुम्ही नेमकं उलटं करत असणार: तो मोकळा असतो तेव्हा घाबरून ट्रॅप लावायला वर येता आणि त्याच्यावर दबाव असतो तेव्हा मागे थांबता.

तुझा सावकाश स्टॉपर हा प्रश्नच नाही. बॉल वाचतो म्हणतोस ना? मग त्याला शर्यतीत उतरवू नकोस, आधी निघू दे. तो समोर तोंड करून, दोन्ही पाय एका ओळीत ठेवून उभा राहतो का ते बघ. तसा उभा राहिला तर आधी वळायचं आणि मग पळायचं, त्यातच फॉरवर्ड दोन पावलं पुढे जातो. अंग तिरपं ठेवायला सांग. एक खांदा बॉलकडे, एक आपल्या गोलकडे. त्यातून बॉलही दिसतो आणि फॉरवर्डही.

दुसरं, तुमचे दोन सेंटर हाफ. दोघं एकदम अटॅकला जात असतील, आणि कॉलेज टीममध्ये जातातच, कारण दोघांनाही गोल मारायचा असतो, तर तुमच्यापुढे मैदानभर जागा मोकळी पडते. त्यांचा सेंटर हाफ तिथेच निवांत असतो. एक गेला की दुसरा थांबला पाहिजे. हाफची ओळ आणि तुमची ओळ यात दहा-बारा पावलांपेक्षा जास्त अंतर नको.

नियमातल्या दोन गोष्टी पोरांना पाठ करून घे. फॉरवर्ड कीपर धरून शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या बरोबरीत असेल तर तो ऑफसाइड नाही, १९९० पासून नाही. रेफरीशी वाद घालू नका. आणि गोलकिक, थ्रो-इन, कॉर्नर यांवर थेट ऑफसाइड नसतो. कॉलेजच्या मॅचमध्ये हमखास दिसतं, समोरच्यांची गोलकिक आणि यांचे चारही बॅक हाफलाइनवर ऐटीत. एखाद्याने जोरात लाथ घातली की संपलं. कीपरने हातातून मारलेल्या किकला मात्र ऑफसाइड लागू आहे, तिथे वर राहिलात तरी चालेल.

रंकाळ्यावरचा

भावा, हे सगळं ग्वाड हाय, पर झोनल म्हैन्यावर आलीय. एवढं कवा शिकिवणार? आमच्या कोल्हापुरात सरळ इचार असतोय. पयल्या पाच मिंटात वळकायचं, पास कोण देतोय. एकच पोरगा असतोय दर टीमात. त्येच्या मागं आपला एक हाफ लावून द्यायचा. त्यो पाणी प्यायला गेला तरी ह्येनं संगं जायचं. बॉलच मिळाला न्हाई तर पास कुठला देतोय? शाहू स्टेडियमवर पेठांची मॅच बगायला ये एकदा, पब्लिकच सांगतंय कुणाला धरायचं त्ये.

खडकीचा_साइडबॅक

रंकाळ्यावरचे, कोल्हापूरच्या फुटबॉलपुढे आम्ही पुणेकरांनी बोलू नये, हे मान्य. पण तो पोरगा हुशार असेल तर मुद्दाम साइडलाइनला जाऊन उभा राहील, तुमचा हाफ त्याच्या शेपटासारखा तिकडे जाईल, आणि मधली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल. शेवटची दहा मिनिटं एका गोलने पुढे असाल तर करा. अख्खी मॅच नको.

हातमोजे

कीपरबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी लिहिते. मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची कीपर.

डिफेन्स वर येणार आणि कीपर गोललाइनवर राहणार, हे जमणारच नाही. मधली सगळी जागा कुणाची? २०१४ च्या वर्ल्ड कपमधली जर्मनी-अल्जीरिया मॅच तुमच्या कीपरला बसवून दाखवा. जर्मनीची ओळ खूप वर होती, अल्जीरिया सारखे मागे बॉल टाकत होते, आणि त्यांचा कीपर नॉयर बॉक्सच्या बाहेर धावत येऊन पायाने, डोक्याने ते उडवत होता. ती मॅच जर्मनीने एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ अशी काढली, तो नसता तर कठीण होतं. सगळ्यांनी नॉयर व्हावं असं नाही म्हणत मी. फक्त उभं कुठे राहायचं ते बघा. बॉल समोरच्यांच्या हाफमध्ये असेल तर कीपर बॉक्सच्या रेषेजवळ. बॉल जसा आत येईल तसं पावला-पावलाने मागे यायचं, उलटं पळत नाही.

निघायचा निर्णय पास सुटल्या-सुटल्या. अर्ध्यात थांबलेला कीपर सगळ्यात वाईट. निघाला की ‘कीपर!’ असं मोठ्याने ओरडायचं, म्हणजे स्टॉपर बाजूला होतो. आमच्याकडे हे उशिरा ओरडल्यामुळे आमच्याच दोघी एकमेकींवर आदळल्यात. आणि बॉक्सच्या बाहेर हात लावायचा नाही. नक्की होणारा गोल तसा हाताने अडवला तर थेट लाल कार्ड.

अजून एक, मॅच कुठल्या ग्राउंडवर आहे ते आधी जाऊन बघा. बऱ्याच ग्राउंडवर मध्ये क्रिकेटची पिच असते. तिथे टप्पा पडला की बॉल सुसाट निघतो आणि सरळ कीपरकडे येतो, म्हणजे तुमचा फायदा. पण पावसात गवतात किंवा चिखलात तोच बॉल मध्येच बसतो आणि फॉरवर्ड पोचतो. ओल असेल त्या दिवशी तुमची ओळ थोडी खाली घ्या आणि कीपरला थोडा अजून वर.

चार_नंबर

सगळ्यांना थँक यू. गोलकिकचं वाचून टीमच्या ग्रुपवर टाकलं, निम्म्या पोरांना माहीतच नव्हतं.

साइडबॅक काका, हे ‘दबाव आहे / नाही’ अर्ध्या ग्राउंडवर बसवायचं कसं? आणि वर-खाली कुणी ओरडून सांगायचं? आत्ता चौघंही ओरडतो. सरांचं म्हणाल तर ते मूळचे कबड्डीचे, त्यामुळे पोरं त्यांचं फारसं ऐकत नाहीत.

खडकीचा_साइडबॅक

कबड्डीचे आहेत म्हणून नाक मुरडू नका. कबड्डीत साखळी धरलेले दोघं कसे सरकतात ते त्यांना दाखवायला सांग. रेडर एका कोपऱ्याकडे वळला की कोपरा पाय धरायला जातो आणि कव्हर आत येतो, दोघांमधलं अंतर वाढत नाही. तुम्हा दोन स्टॉपरना तेच हवंय: एक बॉलवर गेला की दुसरा त्याच्या तिरक्या मागे. आणि इटलीचा कोच आरिगो साक्की स्वतः व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नव्हता, बूट विकायचा. त्याच्या मिलानने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला, तोही डिफेन्सच्या ओळीच्या जोरावर.

सराव असा कर. अर्धं ग्राउंड पुरे, उलट बरं. तुम्ही चौघं बॅक, पुढे दोन हाफ, मागे कीपर. समोर हाफलाइनजवळ एक जण बॉल घेऊन, त्यालाच सर्व्हर म्हणू. आधी फॉरवर्ड नकोतच. सर्व्हरने बॉल पायाखाली दाबला किंवा पाठ फिरवली की चौघं वर. मान वर करून बॉल पुढे ढकलला की चौघं वळून खाली. पास द्यायचाच नाही, नुसतं करायचं. पोरं कंटाळतील, कंटाळू देत. चौघं एका दमात हलायला लागले की दोन फॉरवर्ड आण, पास चालू कर. मग तुमच्या दोन हाफपैकी एकाला सर्व्हरच्या अंगावर सोड. आता बॅकना स्वतःला ठरवावं लागेल, दबाव बसला की नाही. इथे चुका होतील, दर वेळी थांबवून विचार: पास सुटला तेव्हा त्याची मान कुठे होती? उत्तर देता आलं नाही, तर तो बॉलकडे बघत नव्हता, आपल्या फॉरवर्डकडेच बघत होता.

आवाज एकाचाच. ओळीत तुझा असू दे किंवा डाव्या स्टॉपरचा, जो बॉल जास्त चांगला वाचतो त्याचा. मला वाटतं त्याचा. शब्द दोनच ठेवा, ‘वर’ आणि ‘खाली’. कीपरने फक्त आपण निघतोय एवढंच सांगायचं.

वेळ मिळाला तर बालेवाडीला किंवा कुठेही एखादी मोठी मॅच स्टँडमध्ये बसून बघ. टीव्ही बॉलच्या मागे फिरतो, ओळ दिसतच नाही. पुणे एफसी आय-लीगमध्ये होती तेव्हा मी जायचो. बॉल समोरच्या गोलजवळ असताना आपले स्टॉपर काय करतायत एवढंच बघत बसायचो, शेजारचे वैतागायचे.

रंकाळ्यावरचा

काका, पटलं. पर त्यो उजवा साइडबॅक ऱ्हायलाच की. त्येच्या मागं पन गोल हुयाल्यात म्हंतोय ह्यो.

चार_नंबर

हो, तो विसरलोच. तो मूळचा विंगर आहे, बॉल मिळाला की सुटतोच. परत येईपर्यंत पास पडलेला असतो.

खडकीचा_साइडबॅक

दोन्ही साइडबॅक एका वेळी वर जायचे नाहीत. डावा गेला असेल तर उजव्याने थांबून स्टॉपरच्या जवळ आत सरकायचं, म्हणजे मागे तिघं राहतात. उजवा गेला तर त्याच्या बाजूच्या हाफने त्याची जागा धरायची, हे त्या हाफलाही आधी सांगून ठेव, मॅचमध्ये सांगू नकोस. सोमवारच्या सरावात हेच कर. पोरगा ऐकत नसेल तर त्याला सरळ उजव्या विंगला खेळव आणि मागे एखादा साधा, कमी हौशी पोरगा घे. कॉलेजमध्ये तसा एक तरी असतोच, बेंचवर बघ.