मदत हवी आहे: बर्फ फोडायच्या क्रशरची जाळी कामगाराने काढली असं लिहून देऊ का?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. आम्ही सगळे मिळून सात जण, त्यामुळे ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, नाही.

पावसाळी मासेमारी बंदी 31 जुलैला संपते. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 ला, त्यानंतरच्याच आठवड्यात हे झालं. धक्क्याला होड्या खोळंबलेल्या, तांडेल (होडीचे म्होरके) बर्फासाठी बोंब मारतायत आणि क्रशरच्या तोंडाशी लादी अडकलेली. आमच्या वाडीतल्याच एका पोराने ती हातानेच आत ढकलली. उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली.

तोंडावर लोखंडी जाळी असते. आमची दोन वर्षं भिंतीला टेकून होती, गंजलेली. पोरं तिच्यावर पंचे वाळत घालायची. ती लावली की लादी आधी फोडून मग टाकावी लागते, त्यात वेळ जातो. शेट रोज तिच्या समोरून जायचे, कधी हूं की चूं नाही. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मात्र वेल्डर आला. त्याचं आठशे रुपयांचं बिल मीच चढवलंय.

आता पोराच्या वकिलाची नोटीस आलीय. शेट म्हणतात, "जाळी काढू नये हा नियम रजिस्टरात आहे, खाली त्याची सही आहे. जाळी त्यानेच काढली एवढं तू लिहून दे." सही खरी आहे. नियम माझ्याच अक्षरात आहे, आणि सह्या घेताना मी तो कुणालाही वाचून दाखवला नव्हता.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, 1923 चं कलम 3 वाचलं. कामगाराने सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं किंवा नियम मुद्दाम मोडला, तर मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ही सबब चालत नाही. इथे दोनच पेरं, कायद्याच्या परिशिष्टात त्याला कमाईच्या क्षमतेचं 11 टक्के नुकसान धरलंय. म्हणजे सगळं त्या 'मुद्दाम'वर अडलंय. पोराने चूक केली नाही असं मी म्हणत नाही, लादी ढकलायचा आकडा बाजूलाच पडला होता. पण मालकाच्या डोळ्यांदेखत जाळीविना काम चालायचं, त्याला 'मुद्दाम' म्हणायचं?

दुसरं, 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. अपघात आधीचा, म्हणजे जुनाच कायदा लागेल ना?

अशी केस लढवलेलं कुणी असेल तर सांगा. लिहून दिलं नाही तर नोकरी जाईल, आणि दिलं तर उलटतपासणीत ते वेल्डरचं बिल माझ्यासमोर येईल का? शेटनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय.