अनुभव धागा: स्टाइनबेक वाचायला कुठून सुरुवात केलीत?

भाचीने विचारलं, "मावशी, जॉन स्टाइनबेक वाचायचाय, आधी काय घेऊ?" मी पटकन या अमेरिकन कादंबरीकाराचं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' (1939) म्हणून गेले आणि मग मलाच धास्ती वाटली. पहिल्या खेपेला मी ते तिसऱ्या प्रकरणातच सोडलं होतं. एक कासव रस्ता ओलांडतंय, बस्स, एवढंच प्रकरण! त्या कासवाचं मोल कळायला मला आणखी काही वर्षं लागली. तुमचं पहिलं पुस्तक कोणतं, आणि त्यानं पुढचं वाचन सोपं केलं की अवघड? मोकळेपणाने लिहा.

*

'ऑफ माइस अँड मेन' (1937). जॉर्ज आणि लेनी हे दोन मजूर, स्वतःचा जमिनीचा तुकडा आणि ससे पाळायचं स्वप्न. सहाच प्रकरणं, प्रत्येक एकाच जागी घडणारं. त्याच वर्षी त्याचं नाटकही रंगमंचावर आलं. मी एका बैठकीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलवेना. नव्या वाचकाला मी हेच देते.

*

मी 'द पर्ल'पासून सुरू केलं, आणि ते चुकलं असं आजही वाटतं. बाळाला विंचू चावतो, पैसे नाहीत म्हणून डॉक्टर दारातून परत पाठवतो. तो प्रसंग विसरता येत नाही. पण पुढे पुस्तक बोधकथेच्या अंगाने जातं. स्टाइनबेक म्हणजे हाच, असं समजून मी चार वर्षं त्याच्याकडे वळलो नाही.

*

मी बीड जिल्ह्यातला. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळीनंतर आमचं बिऱ्हाड कारखान्यावर. मी थेट 'ग्रेप्स'च घेतलं आणि मला कुठेच अडखळायला झालं नाही. ओक्लाहोमातलं जोड (Joad) आडनावाचं कुटुंब दुष्काळ आणि बँकेपायी जमिनीवरून उठतं, जुन्या गाडीवर संसार लादून हायवे 66ने कॅलिफोर्नियाला निघतं. निघण्याआधी आई जुनी पत्रं, फोटो चुलीत टाकते. आमच्याकडे तेव्हा जाळण्यासारखं काही नव्हतं, पण मागे काय ठेवायचं यावर आईचं असंच गप्प बसणं मी पाहिलंय. कामाच्या जाहिराती मुद्दाम गरजेपेक्षा जास्त वाटायच्या, म्हणजे माणसं जास्त आणि मजुरी कमी, ही मेख वाचताना मला मुकादम, उचल (आगाऊ पैसे), कोपी (झोपडी) सगळं आठवलं. हे त्यानं घरी बसून लिहिलेलं नाही. 1936 साली तो वर्तमानपत्रासाठी स्थलांतरितांच्या छावण्यांतून हिंडला होता. मधली ती कथानकाबाहेरची प्रकरणं वगळू नका. एका घराची गोष्ट हजारो घरांची होते ती तिथेच.

*

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून लिहितेय. मी 'ईस्ट ऑफ ईडन' (1952) आधी वाचलं, कारण ते जिथे घडतं ते सालिनास इथून दीड तासावर. पहिल्याच प्रकरणात तो खोरं दाखवतो: पूर्वेचे उजळ डोंगर, पश्चिमेचे काळोखे, आणि पाऊसकाळात कोरडी वर्षं साफ विसरणारी माणसं. रस्त्यालगतच्या लेट्यूसच्या शेतांत आजही मजूर वाकलेले दिसतात. पुस्तक जाडजूड आहे, पण ली या पात्रासाठी तरी वाचाच.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला 'ऑफ माइस अँड मेन' दिलं. काल रात्री तिचा मेसेज आला: "मावशी, कँडीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला बाहेर घेऊन गेलेत. पान उलटवत नाहीये."